चिंतामणीकाकांचं मैदान

चिंतामणीकाकांना हलता येत नाही असं मी कुणाला सांगितलं, की समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले असतील. तसं काही नाही. साठी उलटली तरी काका अजून गव्हाची गोणी पाठीवर घेतात, स्टुलावर चढून चक्कीचा पट्टा बदलतात आणि गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभे असतात. त्यांना हलता येत नाही ते वेगळ्याच कारणानं.

आमचं जनार्दन भुवन परळच्या एका आखूड गल्लीत आहे. तळमजला आणि वर दोन मजले, लाकडी जिना, मागच्या परसात सामाईक संडास. मी लग्न होऊन इथे दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हापासून काकांच्या चक्कीची घरघर माझ्या पायांखाली आहे. आमच्या भागात गिरणी म्हटलं की जुनी माणसं कापडाची गिरणी समजतात, म्हणून पिठाच्या गिरणीला सगळे चक्कीच म्हणतात. काकांचे वडील अशाच एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि त्यांनी तळमजल्याचा गाळा पागडीनं घेऊन चक्की टाकली. राहायची खोली वर, पहिल्या मजल्यावर.

चिंतामणी कोचरेकर तेव्हा ठाण्याला एका कंपनीत फिटर होते. काम आवडीचं होतं. अजूनही त्या कंपनीतल्या मशिनांबद्दल ते एखाद्या जुन्या मैत्रिणीबद्दल बोलावं तसे हळू आवाजात बोलतात. पण वडिलांना दम लागायला लागला. "थोडे महिने बघ, मग कोणीतरी माणूस ठेवू," वडील म्हणाले. माणूस मिळाला नाही. कंपनीत काकांच्या जागी दुसरा आला. आणि काका पिठात पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन चक्कीवर उभे राहिले ते राहिलेच.

तरी तेव्हा निदान दार उघडं होतं. मनात आलं असतं तर ते गाळा सोडून कुठे जाऊ शकले असते. दार लागलं ते आराखड्यानं.

शहराचा विकास आराखडा म्हणून एक नकाशा असतो. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे शाळा, दवाखाना, बाग, रस्ता, हे पुढच्या वीसेक वर्षांसाठी त्यात ठरवतात. त्या नकाशात आमच्या जनार्दन भुवनावर कुणीतरी हिरवा रंग देऊन ठेवला होता. खेळाचं मैदान. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि बरीच वर्षं आम्हाला कळलंही नव्हतं. इमारतीच्या मागच्या भिंतीला भेग पडली, दुरुस्तीची परवानगी काढायला काका गेले, तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "तुमची जागा मैदानाला राखीव आहे. नवीन बांधकाम नाही. टेकू लावा."

मग टेकू लागले. घर पाडून मैदान कुणी केलं नाही, आणि मैदान व्हायचंय म्हणून घर कुणी बांधू दिलं नाही. आजूबाजूच्या चाळी एकेक करून पडल्या, तिथे टॉवर उभे राहिले, त्यांच्या खाली काचेच्या लॉब्या आल्या. आमच्याकडेही बिल्डरांची माणसं यायची, चहा प्यायची, जिना हलवून बघायची. नकाशा पाहिला की परत तोंड दाखवायची नाहीत. माझा मुलगा लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, कुठे राहतोस? तो म्हणाला, "मैदानात." घरात कायम तोच शब्द ऐकत होता ना.

काकांची अडचण आमच्यापेक्षा दुप्पट होती. एका इंजिनियरनं सांगितलं की चक्कीच्या हादऱ्यानं इमारत आणखी सैल होते. वरचे भाडेकरू कुरकुरू लागले. खोटं कशाला बोलू, मीही त्यात होते. मग काकांनी चक्की फक्त सकाळी आणि संध्याकाळी चालवायचं ठरवलं. चक्की दुसरीकडे न्यावी तर नव्या इमारतींत चक्कीला कुणी गाळाच देत नव्हतं. आवाज होतो, पीठ उडतं. आणि गाळा बंद करून बसावं तर पुढे कधी इमारत नवी झालीच, तर बंद दुकानाला हक्क मिळेल की नाही, कोण सांगणार?

त्यात अनुजाकाकूचे गुडघे गेले. गुडघे गेले ते तिचे. संडासाला प्रत्येक वेळी तो जिना उतरायचा, परसात जायचं, परत चढायचं. एकदा पावसात पाय घसरून पडली, तेव्हा मुलगी मनाली तिला डोंबिवलीला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. "तात्पुरती," काकू जाताना म्हणाली. काका सोमवारी चक्की बंद ठेवून तिला भेटायला जायचे. लग्नाला तीसेक वर्षं झालेली माणसं, आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखी समोरासमोर बसायची.

आता मालनवहिनींबद्दल सांगते. आमच्या इमारतीला लागून सोनूबाईची चाळ, आणि तिच्या तळमजल्यावर वहिनींचं वाणसामानाचं दुकान. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे, उकड्या तांदूळ, असलं सगळं. त्यांचे यजमान रघु म्हापणकर हे काकांचे जिवलग. रघु गेल्यावर वहिनींनी दुकान एकटीनं ओढलं. त्यांचं पीठ काका दळायचे, काकांच्या गिऱ्हाइकांना सामान त्या द्यायच्या. काका त्यांना वहिनी म्हणायचे, त्या काकांना भावजी. दोघांची भांडणं मालवणीत चालायची आणि मिटायचीही मालवणीतच.

आठ-नऊ वर्षांपूर्वी नव्या आराखड्याचा मसुदा निघाला आणि लोकांकडून हरकती मागवल्या. मसुद्यातही आम्ही हिरवेच होतो. मी विमा कंपनीत, कागदाचा सराव, म्हणून अर्ज मी लिहिला. सुनावणीला काका, मी आणि वहिनी गेलो. वहिनींचं तिथे काही काम नव्हतं. "भावजी घाबरतले. मी येतंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि दुकानाला कुलूप लावून निघाल्या.

टेबलापलीकडे तीन अधिकारी होते. मधल्या बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी काकांना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

काका म्हणाले, "मॅडम, आमच्यावरचं मैदान उठवा. घर पडायला आलंय. बायको जिन्यामुळे घर सोडून गेली."

बाईंनी नकाशा पुढे ओढला. "कोचरेकर, मला तुमचं समजतंय. पण तुमच्या भागात एवढे टॉवर येतायत, एवढी मुलं वाढतायत. त्यांनी खेळायचं कुठे? प्रत्येकजण म्हणतो, माझ्यावरून उठवा. मग मैदान टाकू कुठे?"

हे काही चुकीचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्जाचा कागद चाळू लागले.

तेवढ्यात वहिनी पुढे वाकून म्हणाल्या, "मॅडम, मुलं काय अडून राहतात होय? आमच्या चाळीमागं परस आहे मोठं. गल्लीतली सगळी पोरं तिथेच खेळतात. इकडच्या माणसांची घरं कशाला पाडता?"

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"हे इथं." वहिनींनी नकाशावर बोट ठेवलं. काकांनीही मान हलवली. "हो हो, तिथेच खेळतात. माझी मनालीसुद्धा तिथेच खेळली."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "बघू या," म्हणाल्या. बाहेर आल्यावर काका वहिनींना म्हणाले, "वहिनी, तुमी बोललात म्हणून. माझी तर बोबडीच वळली होती." आम्ही तिघांनी स्टेशनजवळ वडापाव खाल्ला. वहिनी फार खुशीत होत्या.

अंतिम आराखडा मंजूर झाला तेव्हा यादीत आमच्या जागेपुढे आरक्षण रद्द असं होतं. मी ऑफिसमधून फोन केला तर काकांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी चक्की बंद करून डोंबिवलीला फोन लावला. संध्याकाळी वहिनींनी बेसनाचे लाडू वाटले. काकांना म्हणाल्या, "आता संडास घरात होतलो. अनुजाक आणा परत." आम्ही आमच्या ओळीपुरतंच बघितलं. शेजारची ओळ बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ती बघितली विनीत नावाच्या मुलानं. एका बिल्डरच्या ऑफिसातून तो आला होता. चक्कीच्या ओट्यावर बसून त्यानं लॅपटॉप उघडला. मी कामावरून येत होते, थांबले. वहिनीही आपल्या दुकानातून आल्या.

"अंकल, तुमचा प्लॉट क्लिअर आहे," तो म्हणाला. "पण एकटा नाही चालणार. फार अरुंद आहे. बाजूचा घेतला तरच बिल्डिंग बसते. फायर ब्रिगेडची गाडी वळायला पण जागा लागते."

"मग घ्या ना बाजूचा," काका म्हणाले. "सोनूबाईच्या चाळीतले सगळे तयार होतील. काय हो वहिनी?"

विनीतनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "तोच तर प्रॉब्लेम आहे. त्याच्यावर आता मैदानाचं रिझर्वेशन आलंय. पूर्ण प्लॉटवर."

काका त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले. वहिनींनी चष्मा पुसला, परत लावला.

"परस दाखवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "चाळ नव्हती दाखवली."

"नकाशात परस वेगळं नसतं, आंटी. एकच प्लॉट आहे."

तो गेला. काकांनी पुढे केलेला, त्या दिवशीचा उरलेला लाडू त्यानं घेतला नाही, एवढं मला आठवतं. काका काही बोलणार होते, पण वहिनी उठून आपल्या दुकानात गेल्या आणि भर संध्याकाळी, गिऱ्हाईक उभं असताना, त्यांनी शटर ओढलं.

नंतर पुष्कळ खटपट झाली. अर्ज केले, वॉर्ड ऑफिसात खेटे घातले. हरकतींची मुदत संपली होती. मंजूर आराखडा बदलायचा तर त्याची वेगळी, लांबलचक वाट आहे, ती वरपर्यंत जाते. प्रस्ताव गेला, अजूनही कुठेतरी आहे. काका प्रत्येक वेळी वहिनींना घेऊन जायचे. त्या सोबत जायच्या, शेजारी बसायच्या, पण रस्त्यात बोलायच्या नाहीत. कुणी त्यांना म्हणालं, "तुम्हीच तर बोट दाखवलं," तर त्या मान डोलावायच्या. काकांना ते ऐकवत नसे. त्यांनी एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, "मी मान हलवली नसती तर? सांग ना, तू होतीस. मी हलवली का?"

"हलवली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दोन पावसाळे गेले आणि सोनूबाईची चाळ अतिधोकादायक ठरली. टेकूही आता चालणार नव्हते. पोलीस आले, लोक सामान बांधू लागले, रडारड झाली. सगळ्यांना लांब उपनगरातल्या संक्रमण शिबिरात तात्पुरत्या खोल्या मिळाल्या. खोलीच्या बदल्यात खोली मिळाली, पण दुकानाच्या बदल्यात तूर्त काहीच नव्हतं. वहिनींच्या शटरला सील लागलं. चाळ वरून अर्धी उतरवली आणि पत्रे ठोकून ठेवली. मैदान तर तिथेही अजून झालेलं नाही. पत्र्यामागे एरंड माजलाय. मुलं आता कुठेच खेळत नाहीत.

काकांनी मग एक गोष्ट केली, कुणालाही न विचारता. चक्की गाळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत सरकवली. फिटरचा हात, सगळं स्वतःच केलं. पुढची अर्धी जागा रिकामी करून तिथे फळ्या ठोकल्या. आणि शिबिरात जाऊन वहिनींना म्हणाले, "माल घेऊन या. माझ्याकडे बसा."

वहिनी आल्या. रोज तिथून बस बदलत येतात, संध्याकाळी परत जातात. पहिल्या दिवशी बरण्या मांडून झाल्यावर काका समाधानानं बघत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजीनू, माका हय बसवलात म्हणून तुमी सुटलात, असा समजू नकात."

काका म्हणाले, "नाय समजत."

वहिनींनी आमसुलांची बरणी पुसायला घेतली.

दोघांना सुखानं बसताही आलं नाही. चक्कीचा परवाना दळणाचा. त्यात किराणा विकता येत नाही, असं एका निरीक्षकानं येऊन सांगितलं. वापरबदलाची परवानगी मागायला गेलं, तर इमारत धोक्याच्या यादीत येऊ शकते म्हणून नवीन परवानगी नाही. निरीक्षक तसा माणूस बरा. म्हणाला, "बाहेर पाटी लावू नका, मला दिसायला नको." म्हणून वहिनींच्या दुकानाला आता नाव नाही. टॉवरमध्ये काम करणाऱ्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर बरोबर शोधत येतात. त्या टॉवरच्या खाली कपड्यांची शोरूम आहे, कॉफीचं दुकान आहे, पण पाव किलो रवा मिळत नाही.

गेल्या वर्षी मनाली आली. ती सरळ बोलणारी मुलगी आहे. वहिनी गिऱ्हाईक करत असताना तिनं चक्कीजवळ काकांना धरलं.

"बाबा, पुरे आता. सोडा हे आणि या माझ्याकडे. आई रोज विचारते."

"येतो ना सोमवारी."

"सोमवारी नाही. कायमचे. काय ठेवलंय इथे? वरून प्लॅस्टर पडतंय. एक दिवस तुमच्या डोक्यावर पडेल."

"गाळा सोडला तर हक्क जाईल."

"कसला हक्क? कधी मिळणार आहे तो? मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय."

काकांनी चक्कीच्या तोंडातलं पीठ हातानं खाली सारलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मी गेलो तर वहिनी कुठे बसतील?"

मनालीनं वहिनींकडे बघितलं. वहिनींना ऐकू गेलं होतं. त्यांनी तराजूतून डोळे न काढता म्हटलं, "माझ्यासाठी राहू नकात. मी कोणाच्या गळ्यात पडलेली नाय."

"तसं नाही, काकू," मनाली ओशाळली.

"तसाच आसा ता," वहिनी म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "आणि काय देऊ?"

मनाली गेल्यावर काकांनी पूर्ण आठवडाभर विचार केला असावा. माझ्याकडे येऊन गाळा देऊन टाकायचा झाला तर काय करावं लागेल, हेही विचारून गेले. मी सांगितलं. आमच्या पायाखालची चक्की थांबेल म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मग एका सोमवारी ते डोंबिवलीला गेले ते निरोप घेऊन की मी येतो, कायमचा. त्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एक टॅक्सी येऊन थांबली आणि तिच्यातून काका उतरले. मागून अनुजाकाकू, वॉकर धरून.

प्रकार असा झाला होता. काका म्हणाले, मी इकडे येतो. त्यावर काकू म्हणाली, "तुम्ही इथे येऊन काय करणार? माझ्यासारखे हॉलमध्ये बसणार. जावई ऑफिसातून आला की टीव्हीचा आवाज कमी करायचा, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं. मनाली चांगली आहे हो. पण घर तिचं आहे. मला माझ्या घरी न्या."

"अगं, जिना?"

"चढताना एकदाच लागेल. उतरणारच नाही मी."

तिला वर न्यायला आम्ही लाकडी खुर्ची आणली. माझे यजमान, काका, पहिल्या मजल्यावरचा स्वप्नील आणि वॉचमनचं काम करणारा एक उत्तरेकडचा माणूस, अशा चौघांनी ती उचलली. जिना करकरत होता. काकूनं डोळे मिटून घेतले होते. वहिनी खाली उभं राहून ओरडत होत्या, "सांभाळून! कठड्याक हात लावू नकात, तो सुटलो आसा!" वर पोचल्यावर काकूनं दार उघडायच्या आधी भिंतीला हात लावला आणि ती लहान मुलीसारखी रडली.

खोलीत कोपऱ्यात पडदा लावून खुर्चीचा संडास ठेवलाय. तो काका साफ करतात. काकू खाली उतरलेली नाही. गॅलरीतून तिला समोरच्या टॉवरचे पार्किंगचे मजले दिसतात, गाड्या वर चढताना आणि खाली उतरताना. "त्यांच्या गाड्यांना लिफ्ट आहे बघ," ती मला म्हणाली होती. त्यात कडवटपणा नव्हता, कौतुकच होतं.

आता रोजचं असं झालंय. दुपारी चक्की बंद असते तेव्हा मालनवहिनी वर जातात आणि काकूच्या गुडघ्यांना तेल लावतात. दोघी तासभर बोलतात. काय बोलतात ते काकांना सांगत नाहीत. वहिनी काकांशी अजूनही कामापुरतंच बोलतात. पण काकूला त्यांनी स्वतःच्या हातानं कुळथाची पिठी करून आणली, हे मी पाहिलंय. त्या वेळात खाली किराणाही काकांच्या गळ्यात. दळणाचं त्यांना कळतं. किराण्याचं काही कळत नाही. कालच मी सुट्टीवर होते, तेव्हा एक बाई आमसुलांचा भाव विचारत होती आणि काका गल्लीत येऊन, मान वर करून, गॅलरीकडे बघत ओरडत होते, "वहिनी, आमसुलां कशी दिवची?" वरून उत्तर यायला वेळ लागला, म्हणून ते तिथेच, उन्हात, उभे राहिले.